तमालपत्र शेवटच्या रकान्यात

"या विश्वात जे जे काही आहे, त्याची एक ठरलेली जागा आहे. ती कुणी दिलेली नाही, कुणाला बदलता येत नाही, आणि ज्याला ती दिसली त्याला विश्व दिसलं!" स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून, उजवा हात उंचावून मास्तर म्हणाले. मग तोच हात खाली आणून त्यांनी चहापूड शोधायला घेतली. ती काही सापडेना.

ऐकायला घरात कुणीच नव्हतं. आधण तेवढं होतं, तेही उकळून उकळून निम्मं झालं होतं.

हे वाक्य मास्तरांनी आयुष्यभर वर्गात म्हटलं होतं. आवर्तसारणीच्या धड्याची सुरुवात ते याच वाक्यानं करायचे. मुलं ते शांतपणे ऐकून घ्यायची, कारण ते परीक्षेत येत नसे. मग मास्तर फळ्यावर चौकोन आखायचे. एकेका चौकोनात एकेक मूलद्रव्य. डावीकडून उजवीकडे जावं तसा अणुअंक एकेकानं वाढत जातो, ओळ संपली की खालची ओळ सुरू होते, आणि गंमत अशी की एकाखाली एक जे येतात त्यांचे स्वभाव जुळतात. पहिल्या रकान्यातले धातू पाण्यात पडले की आकांडतांडव करणार. शेवटच्या आधीच्या रकान्यातले कुणाचा तरी एखादा इलेक्ट्रॉन मिळतो का म्हणून वखवखलेले. आणि शेवटच्या रकान्यात राजवायू. त्यांना कुणाचं काही नको, कुणाला काही द्यायचं नाही. आपण बरे, आपला रकाना बरा.

मुलांनी मास्तरांचं नाव राजवायू ठेवलं होतं. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाईंना चिडवलं जायचं, "बाई, तुम्ही जन्मभर ज्वालामुखी शिकवलेत आणि लग्न मात्र राजवायूशी केलंत!" बाई म्हणायच्या, "घरात एकतरी शांत हवा. दोघंही पेटलो तर भांडी कोण घासणार?"

त्या भूगोलाच्या बाई थंडी सुरू होता होता गेल्या. खांदा दुखतो म्हणून चाललं होतं बरेच दिवस. पण खांद्याचं नुसतं निमित्त, दुखणं आत फुफ्फुसात होतं. ते कळलं तेव्हा डॉक्टरांनी बोलताना खिडकीबाहेर बघितलं आणि मास्तरांनी टेबलावरच्या पेपरवेटाकडे. पुढे फार काही झालं नाही. जे झालं ते भरभर झालं.

माणसं भेटायला आली, बसली, गेली. मास्तरांनी सगळ्यांना पाणी दिलं. दुःखाचं काय करायचं असतं हे कुठल्याच इयत्तेच्या अभ्यासक्रमात नव्हतं, त्यामुळे त्यांना ते जमेना. त्यातून घरात एक वस्तू सापडेल तर शपथ. साखर होती ती दिव्यांच्या काडेपेटीशेजारी. मिरे कॉफीच्या मागे. लवंग आणि धुण्याचा सोडा एका फळीवर, अगदी खांद्याला खांदा लावून, म्हणजे एखाद्या दिवशी चहात काय पडेल याचा नेम नाही. आणि मांडणीची सगळ्यात वरची फळी चक्क मोकळी! खालच्या दोन फळ्यांवर चेंगराचेंगरी आणि वर नुसती हवा. ज्या बाईनं जगाचा नकाशा तोंडपाठ म्हणून दाखवावा, तिच्या मांडणीत ना अक्षांश ना रेखांश. मास्तरांनी निःश्वास सोडला आणि बाह्या सरसावल्या.

सगळी मांडणी त्यांनी रिकामी केली. फळ्यांवरचं मेणकापड व्हिनेगरच्या पाण्यानं पुसलं आणि मग विश्वरचनेला हात घातला.

पहिल्या रकान्यात पाण्यात पडताच उचल खाणारे, म्हणजे चहा, कॉफी आणि खायचा सोडा. शेवटच्या आधीच्या रकान्यात जहाल मंडळी, मिरची, मिरे, लवंग. मीठ हे मुळातच या दोन टोकांच्या संगनमतानं झालेलं, तेव्हा ते मधे. हायड्रोजनचा पेच सारणीतही सुटलेला नाही. तो आहे वायू, पण बसतो धातूंच्या डोक्यावर, आणि जमतं त्याचं सगळ्यांशी. असा स्वयंपाकघरात एकच पदार्थ. म्हणून साखरेची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात गेली. राहता राहिला शेवटचा रकाना. त्यात मास्तरांनी तमालपत्र ठेवलं. प्रत्येक पातेल्यात जातं, तासभर सगळ्यांबरोबर उकळतं आणि जसं गेलं तसंच बाहेर येतं. बाजूला काढून ठेवताना कुणाला वाईटसुद्धा वाटत नाही.

बरण्यांची झाकणं नुसतीच वर ठेवलेली होती, एकही नीट फिरवलेलं नव्हतं. हा निष्काळजीपणा बघून मास्तरांना शाळेची प्रयोगशाळा आठवली. त्यांनी एकेक झाकण दात-ओठ खाऊन घट्ट आवळलं. हवाबंद.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूर राहायची. आई गेली त्याच आठवड्यात ती बाळंत झाली होती, आणि प्रवासाला डॉक्टरांनी साफ नकार दिला होता. आईचं शेवटचं दर्शन तिला झालं नव्हतं. मास्तर मांडणीसमोर उभे होते, मेणकापड अजून ओलं होतं. आज केलेलं काम सांगावं म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"बाबा, तुम्ही आधी माझं ऐका," लेक म्हणाली. "मी येईपर्यंत आईच्या स्वयंपाकघराला हात लावू नका. एक डबा हलवू नका. मला तिथं एकदा उभं राहायचंय, आहे तसं. तेवढंच राहिलंय माझ्यासाठी."

मास्तरांनी मांडणीकडे पाहिलं. तमालपत्र शेवटच्या रकान्यात दिमाखात बसलं होतं.

"हो," मास्तर म्हणाले.

"नक्की ना?"

"हो म्हटलं ना."

फोन ठेवल्यावर ते स्टुलावर बसले. बाईंनी स्वतःच्या हातानं जिथे ठेवली तिथेच असलेली या घरातली शेवटची गोष्ट ती मांडणी होती. ती त्यांनी व्हिनेगरनं पुसली होती.

बाळाला प्रवास झेपेल इतकं मोठं व्हायला अजून अवकाश होता. तोवर सगळं होतं तसं करायचं, म्हणजे लेकीला कळणार नाही. पण होतं कसं? मास्तर रोज त्या मांडणीसमोरून जात होते, रोज तिथलंच खात होते. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. वर मोकळी फळी, लवंगेशेजारी धुण्याचा सोडा, एवढंच आठवलं. तेही आठवलं ते राग आला होता म्हणून.

मग त्यांना तो दाढीवाला रशियन प्राध्यापक आठवला, ज्यानं ही सारणी पहिल्यांदा नीट मांडली. तेव्हा सगळी मूलद्रव्यं सापडलेलीसुद्धा नव्हती. त्यानं काय केलं, जिथे काही बसत नव्हतं तिथे ओढूनताणून बसवलं नाही, जागा मोकळी सोडली. आणि आजूबाजूच्या शेजाऱ्यांवरून सांगून टाकलं, इथं जो येणार आहे त्याचं वजन अमुक, रंग तमुक, स्वभाव असा असा. पुढे ते सापडले आणि तसेच निघाले. ज्याला कधी पाहिलं नाही त्याला शेजारपाजारावरून ओळखायचं! मास्तर वर्गात हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज थोडा कापायचा. मुलांना वाटायचं, सर्दी झाली असेल.

शेजारी म्हटल्यावर त्यांना वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य आठवला. हा माणूस इतका उंच होता की त्याच्या रुग्णांना त्याचं तोंड दिसण्याआधी छत दिसायचं. अख्खी गल्ली त्याला शिडी म्हणायची.

"डॉक्टर, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात कधी आला होतात का?" मास्तरांनी जिन्यात त्याला गाठून विचारलं.

शिडी चपापला. "म्हणजे, तसा आलो होतो. बाईच बोलवायच्या."

"कशाला?"

"वरचं काढून द्यायला. तुम्ही वाचनालयात गेलात की बाई जिन्यातून हाक मारायच्या, शिडी, जरा ये रे! तोंडावर शिडी म्हणणाऱ्या त्या एकट्याच. आधी एकेक डबा काढून द्यायचो. मग एक दिवस म्हणाल्या, आता सगळंच खाली ठेव बाबा, सारखं तुला किती नाचवू. तेव्हापासून वरची फळी मोकळीच."

"पण एरवी मी होतो की घरात," मास्तर म्हणाले. "मला का नाही सांगितलं?"

शिडीनं खूप खाली, मास्तरांच्या चपलांकडे पाहिलं. दुसऱ्याच्या तोंडात हात घालणं हा त्याचा धंदा होता, पण आपल्या तोंडातलं बाहेर काढणं त्याला जड जात होतं.

"मी विचारलं होतं एकदा. त्या म्हणाल्या, त्यांना सांगितलं की ते काढून देत नाहीत, समजावून देतात."

मास्तर घरी आले. हे खरं होतं. त्यांना एक सकाळ अगदी लख्ख आठवली. बाई बरणी घेऊन समोर उभ्या होत्या. "अहो, एवढं झाकण उघडून द्या ना." मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं होतं, "गरम पाण्याखाली धर. धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. आपोआप सुटेल." बाई म्हणाल्या होत्या, "मला प्रसरण नकोय, मध हवाय." मग गरम पाण्याचा नळ वाहिल्याचा आवाज आला होता. आपलं शास्त्र कुणी तरी ऐकलं याचा मास्तरांना आनंद झाला होता. त्यानंतर बाईंनी कधी बरणी आणली नाही. मास्तरांना वाटलं, शिकली.

मग त्यांनी मेणकापडाकडे लक्ष वळवलं. पुसलं तरी बरण्यांच्या बुडांचे गोल वळ त्यावर उमटलेले होते. मास्तरांनी पुठ्ठ्याची पत्त्यांसारखी कार्डं कापली, एकेका बरणीचं एकेक, आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. मोठा वळ तांदळाचा, त्यात शंका नाही. अंडाकृती वळ एकाच डब्याचा, कॉफीच्या. दोन सारखे वळ शेजारी, म्हणजे चहा आणि साखर, पण कुठला कुणाचा? एका वळाच्या कडेला काहीतरी चिकट राहून गेलं होतं. मास्तरांनी जिभेला लावून पाहिलं. गोड.

आठवडे असे गेले. मास्तर जेवायचे खानावळीच्या डब्यातलं आणि चहा प्यायचे बिनसाखरेचा. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की बाईंच्या मांडणीला नियम होता. तो अणुअंकाचा नव्हता. रोज लागणारं सगळं एकाच पट्ट्यात होतं, कमरेपासून छातीपर्यंत, आणि तेही डाव्या बाजूला. मास्तरांनी उजवा हात अंगाशी घट्ट धरला आणि डाव्या हातानं एकेक बरणी उचलून पाहिली. सगळ्या हाताला आल्या. उजवा हात सोडून वरच्या फळीकडे नेला, तेव्हा तिथे काही नव्हतं. लवंग आणि धुण्याचा सोडा शेजारी का होते तेही कळलं. दोन्ही डबे हलके होते.

खांदा किती वर जातो, याचा तो तक्ता होता. बाईंनी तो रोज त्यांच्या नाकासमोर टांगून ठेवला होता, आणि मास्तरांनी त्यात मांडणी चुकल्याबद्दल मार्क कापले होते.

सारणीच्या खाली दोन ओळी वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. त्यांची खरी जागा मधेच असते, पण तिथे घातल्या तर तक्ता कागदावर मावत नाही, म्हणून त्या तळाशी. मुलं दरवर्षी विचारायची, सर, यांना बाहेर का काढलंय? मास्तर म्हणायचे, बाहेर काढलेलं नाही, इतरांची अडचण होऊ नये म्हणून त्या खाली बसल्यात. ओट्याखाली एक खोका होता, तो मास्तरांनी साफसफाईत पायानं आत सरकवला होता. आता त्यांनी तो ओढला. मलमाच्या नळ्या निघाल्या, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून चपट्या केलेल्या. शेकायची रबरी पिशवी. आणि खांद्याच्या व्यायामाची दोरी, दोन्ही टोकांना गाठी मारलेली. या मलमाचा वास घरात कित्येक महिने येत होता. मास्तरांना वाटायचं, शिडीच्या दवाखान्यातून येतो.

त्यांनी खोका होता तिथे परत ठेवला. नळ्यासुद्धा होत्या तशाच, चपट्या.

लेक आली तेव्हा मांडणी पूर्ण झाली होती. एकच जागा सोडून. मधल्या फळीवर, मिठाच्या डावीकडे, वीतभर रुंद पट्टा मोकळा होता आणि कुठलीही बरणी तिथे बसत नव्हती. गोल वळ नव्हता, एक आडवी बारीक रेघ तेवढी होती. मास्तरांनी अनेक रात्री त्या रेघेपायी खराब केल्या होत्या. लेक येणार म्हणून सकाळी त्यांनी ओटाही व्हिनेगरनं पुसून घेतला होता.

लेकीनं पायातलं काढलं, बाळाला छातीशी बांधलेलं तसंच ठेवलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. दारात थांबून तिनं एक दीर्घ श्वास घेतला.

"व्हिनेगरचा वास येतोय," ती म्हणाली.

मास्तरांनी वर्गात कॉपी पकडलेल्या मुलांचे चेहरे पुष्कळ पाहिले होते. आपला तसा होतोय हे त्यांना आतून कळलं.

"मी सगळं हलवलं होतं," ते म्हणाले. "तुझा फोन यायच्या आधीच. मग परत लावलं. जवळजवळ सगळं बरोबर आहे, शिडीला विचार. ही एक जागा तेवढी सापडत नाही. पण अनुमान केलंय मी. वस्तू चपटी असणार. रोज ठेवायची, रोज उचलायची. वजनाला हलकी, डाव्या हाताला सोयीची. मिठाला टेकून उभी राहत असणार, कारण मिठाच्या बरणीवर त्या बाजूला घासल्याची खूण आहे. बहुतेक किसणी. पण किसणी मावत नाही."

लेक पुढे झाली, बाळाचं डोकं हातानं सावरत वाकली आणि मोकळ्या जागेपाशी गाल नेऊन, मांडणीकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे पाहू लागली.

"हं," ती म्हणाली. "हे घड्याळ. आणि तो टॉवेलचा खिळा. बाबा, इथं मी असायचे."

"तू?"

"फोन. आई मिठाला टेकून फोन उभा करायची आणि स्वयंपाक करता करता बोलायची. मी रोज इथून बघायचे."

मास्तरांनी मांडणीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "म्हणजे ही मांडणी..."

"मांडणी मी कुठे बघितलीय? ती माझ्या पाठीशी असायची. मला आई दिसायची आणि हे घड्याळ. मला एकदा त्या घड्याळासमोर उभं राहायचं होतं, ती राहायची तिथं." ती थोडं हसली. "आणि मधूनच तुम्ही दिसायचात, मागून. यायचात, पाणी प्यायचात, पेला विसळून पालथा घालायचात, जायचात. आई म्हणायची, बघ, गेला राजवायू."

"मला हाक का नाही मारलीत?"

"मी म्हणायचे, दे ना बाबांकडे. ती म्हणायची, जाऊ दे, विचारात आहेत."

मास्तर कसल्या विचारात होते ते त्यांना आठवेना.

"ती सगळं डाव्या हातानं करायची," लेक म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "मी विचारलं, आई, उजव्या हाताला काय झालंय? तर म्हणाली, काही नाही गं, तुझा फोन उलटं दाखवतो. आरशासारखं. आणि मी मानलं, बाबा. रोज समोर बघत होते आणि मी मानलं!"

बाळ कुरकुरलं. ती त्याला थोपटत राहिली, बाळ गप्प झाल्यावरही थोपटत राहिली. मास्तरांना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तो ठेवायला किती अंतर आहे याचा अंदाज घेण्यात वेळ गेला, आणि शेवटी त्यांनी हात ठेवला तो कोपरावर पडला. तिथेच राहिला.

"बस," ते म्हणाले. "चहा मी करतो."

"तुम्ही?"

"चहापूड कुठे आहे ते आता मला माहीत आहे."

त्यांनी आधण ठेवलं. चहाचा डबा काढला, डाव्या हातानं. मग साखरेची बरणी. बरण्या त्यांनी सगळ्या जागेवर नेल्या होत्या, झाकणांचं मात्र राहून गेलं होतं. ती त्यांनी स्वतःच आवळली होती, हवाबंद, बळ होतं तेवढं लावून. मास्तरांनी झाकण फिरवून पाहिलं. हललं नाही. बरणी पोटाशी धरून फिरवलं. गरम पाण्याच्या नळाखाली धरली, धातूला प्रसरण पावायला पुरेसा वेळ दिला आणि पुन्हा फिरवलं. हात ओले झाले तेवढेच. आधण उकळून उतू जायच्या बेतात आलं. लेक स्टुलावर बसून घड्याळाकडे बघत होती.

मास्तरांनी बरणी टॉवेलनं पुसली आणि घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "एवढं झाकण उघडून दे ना."